न खणता बटाटा: एका वाफ्याच्या नोंदी

21 सप्टेंबर

जागा ठरली. घरामागच्या मोकळ्या तुकड्यात 3 मीटर लांब आणि 1.2 मीटर रुंद वाफा. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो, त्यामुळे वाफ्यात पाय ठेवावा लागणार नाही. पाय पडला की माती दबते आणि दबलेली माती मग खणावी लागते. ऊन सात तास मिळतं. गेल्या तीन वर्षांत इथे टोमॅटो, वांगी, मिरची यांपैकी काही लावलेलं नव्हतं. ही सगळी बटाट्याच्याच कुळातली, त्यांचे रोगही बरेचसे सारखे, म्हणून हे आधी आठवून पाहिलं.

खणायचं का नाही, ते एकदा नीट लिहून ठेवते. बटाट्यासाठी जमिनीची जेवढी उलथापालथ होते तेवढी क्वचितच दुसऱ्या पिकासाठी होत असेल. लावताना कुदळ, वाढताना वरंब्याला भर, काढताना पुन्हा कुदळ. दर वेळी गांडुळांची बिळं मोडतात, बुरशीचे धागे तुटतात, खालची ओल वर येऊन उडून जाते आणि अंधारात निजलेलं तणाचं बी उजेडात येऊन उगवतं. बटाट्याला स्वतःला मात्र खणलेली माती हवीच असते असं नाही. बटाटा हे मूळ नव्हे, खोड आहे. मातीखालच्या खोडाच्या पेरांतून आडवे फुटवे निघतात आणि त्यांची टोकं फुगून बटाटे होतात. त्या फुटव्यांना अंधार, गारवा आणि ओल लागते. माती हे तिन्ही देते. पेंढा देतो का, ते बघायचं आहे.

कल्पना जुनी आहे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये पूर्वी बटाटा लावताना गवताळ पट्टा खणतच नसत. त्यावर खत आणि बेणं मांडायचे आणि दोन्ही बाजूंच्या चरांतली गवतासकट माती उलटी करून वर घालायचे. अमेरिकेतल्या रूथ स्टाउट (1884–1980) यांनी 1944 मध्ये नांगराची वाट बघणं सोडलं आणि जमीन बारा महिने वाळल्या गवताखाली झाकून भाज्या पिकवल्या, बटाटेसुद्धा.

आईला कल्पना सांगितली. ती म्हणाली, "अगं, मातीवर नुसता ठेवलेला बटाटा उन्हाने हिरवा पडेल." बरोबर आहे तिचं. सगळ्यात मोठा धोका हाच. पण तिचे गुडघे आता कुदळ मारू देत नाहीत आणि वाफ्यावरचं काम तिला सोडवत नाही. बसल्या बसल्या हाताने काढता येतील असे बटाटे तिच्यासाठी पिकवायचे आहेत.

वाफ्याचे दोन भाग करणार. अ: जमिनीवर पुठ्ठा, त्यावर 10 सेंटिमीटर कंपोस्ट, वर पेंढा. आ: गवत कापून बेणं थेट जमिनीवर, वर नुसता पेंढा. प्रत्येकी 10 झाडं. शेजारी खणून, वरंबा करून 5 झाडांची एक ओळ, ती इ. ही ओळ नसेल तर शेवटी तुलना कशाशी करणार?

लोखंडी सळई हाताने दाबून पाहिली. 17 सेंटिमीटरवर अडकते. जमीन कडक आहे.

22 सप्टेंबर

कंपोस्टची परीक्षा लावली. काही तणनाशकं अशी आहेत की फवारलेलं गवत जनावराने खाल्लं तरी ती शेणातून जशीच्या तशी बाहेर पडतात आणि कंपोस्टमध्येही महिनोन्‌महिने टिकतात. बटाटा त्यांना फार नाजूक. पानं नेच्यासारखी आत वळतात आणि झाड तिथेच खुंटतं. शेंगवर्गातली झाडं ही लक्षणं लवकर दाखवतात. म्हणून तीन कुंड्यांत आणलेलं कंपोस्ट भरून घेवडा पेरला. चौथ्या कुंडीत पेंढा दोन दिवस भिजवलेलं पाणी घालणार आहे आणि पाचवीत आपली साधी माती. पेंढा कुठल्या शेतातला हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे ही परीक्षा टाळता येत नव्हती.

28 सप्टेंबर

गवत जमिनीलगत कापलं. कापलेलं तिथेच पसरू दिलं. अ भागावर पुठ्ठा अंथरला, आधी चिकटपट्ट्या आणि पिना काढून. चकचकीत छपाईचे खोके बाजूला ठेवले. दोन तुकडे जुळतात तिथे 15 सेंटिमीटर एकावर एक घेतलं, नाहीतर हरळी त्या फटीतूनच वर येते. तीन झाऱ्या पाणी.

आ भागात पुठ्ठा नाही. तिथे लव्हाळ्याची पाती दिसताहेत. लव्हाळा पुठ्ठ्यालाही भोक पाडतो, पेंढ्याला काय दाद देणार. मोठे कोंब खुरप्याने काढले. त्याच्या गाठी खाली खोल आहेत आणि मी खणणार नाही म्हटलंय.

4 ऑक्टोबर

बेणं मांडलं. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, जास्त डोळ्यांचं टोक वर. खोली गार, उजेड भरपूर, थेट ऊन नाही. उजेडात ठेवलेल्या बेण्याला आखूड, जाड, गडद कोंब येतात आणि ते लावताना मोडत नाहीत. अंधारात ठेवलं की पांढरे लांब दोरे सुटतात.

खाण्यासाठी आणलेले बटाटे वापरले नाहीत. त्यांच्यावर कोंब येऊ नयेत म्हणून प्रक्रिया केलेली असू शकते. दुसरं म्हणजे विषाणू. बटाट्याचे विषाणूरोग बेण्यातूनच पुढच्या पिकात उतरतात. बाहेरून बटाटा निरोगी दिसतो आणि झाड मात्र पान वळवून खुरटतं. म्हणून तपासलेलं बेणं घेतलं.

16 ऑक्टोबर

पाचही कुंड्यांतला घेवडा सरळ आणि हिरवागार. कंपोस्ट आणि पेंढा, दोन्ही पास.

आज अ भागावर कंपोस्ट. 1.8 चौरस मीटरवर 10 सेंटिमीटर म्हणजे 180 लीटर. मोजून 16 घमेली झाली आणि ती फाटकापासून उचलून न्यावी लागली. संध्याकाळी खांदे दुखत होते. इ ओळ खणायला 40 मिनिटं लागली, कंपोस्ट वाहायला दीड तास. न खणण्याच्या पद्धतीबद्दल बोलताना हा वाहण्याचा हिशेब मांडायलाच हवा.

24 ऑक्टोबर

कोंब दीड सेंटिमीटर, टोकाशी जांभळट. छान जमलेत.

लावायला हव्या असलेल्या 25 नगांपैकी 13 जणांना कापायची गरज नाही, 35 ते 50 ग्रॅमचे आहेत. बाकीच्या 12 साठी मोठ्या सहांचे दोन दोन तुकडे केले, प्रत्येकावर किमान दोन डोळे. सुरी दर बटाट्यानंतर गरम पाण्यात धुतली, कारण रोग एका बेण्यातून दुसऱ्यात सुरीच्या पात्यावरून जातो. तुकडे कापलेली बाजू वर करून हवेशीर सावलीत ठेवले. दोन दिवसांत त्यावर बुचासारखा कोरडा थर धरतो, तोच त्यांची नवी साल. राख लावायचा मोह आवरला. राख अल्कधर्मी असते आणि सालीवर खवड्या आणणाऱ्या जिवाणूला आम्लता कमी असलेली जमीन मानवते.

एकूण वजन 1 किलो 30 ग्रॅम.

26 ऑक्टोबर: लावणी (दिवस 0)

महिना पाहून नव्हे, तापमापी पाहून लावणी केली. सकाळी सातला 10 सेंटिमीटर खोलीवर मातीचं तापमान 20 अंश. बटाटे धरायला मातीत 15 ते 20 अंश सगळ्यात चांगले. रात्री 20 च्या वर राहिल्या की झाड पाला वाढवत बसतं, आणि माती 30 च्या आसपास गेली तर बटाटा धरणं जवळपास थांबतं. जिथे जो हंगाम लावणीनंतर तीन महिने हा गारवा देईल, तोच बटाट्याचा हंगाम.

दोन ओळी, ओळींत 55 सेंटिमीटर, झाडांत 30. अ भागात हाताने कंपोस्ट बाजूला करून बेणं पुठ्ठ्याच्या किंचित वर बसवलं आणि झाकलं. वर 12 सेंटिमीटर पेंढा. आ भागात आधी जमीन भरपूर भिजवली, बेणं नुसतं मांडलं, प्रत्येकाच्या बुडाशी मूठभर गांडूळखत, वर 25 सेंटिमीटर पेंढा. आईने पेंढा हातांनी पिंजून सोडला. गठ्ठ्यातल्या चकत्या तशाच ठेवल्या असत्या तर कोंब त्याखाली अडकले असते.

पेंढ्यामुळे नत्र कमी पडतं असं ऐकायला मिळतं. पेंढ्यात नत्राच्या मानाने कार्बन फार, सुमारे 80 ला 1. तो मातीत मिसळला तर कुजवणारे जीव मातीतलं नत्र ओढून घेतात हे खरं. वर पसरलेला असतो तेव्हा ही ओढाताण फक्त जमिनीला टेकलेल्या पातळ थरात होते. म्हणून पेंढा मिसळायचा नाही, वरच ठेवायचा.

3 नोव्हेंबर (दिवस 8)

पाण्याची चूक सापडली. रोज संध्याकाळी एकेक झारी देत होते. आज हात घालून पाहिलं तर आ भागात वरचा पेंढा ओला आणि खालची जमीन जवळपास कोरडी. थोडं पाणी पेंढाच पिऊन टाकतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हाला परत देतो.

हिशेब नव्याने केला. बटाट्याला आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर पाणी लागतं. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर म्हणजे 1 लीटर, तेव्हा 3.6 चौरस मीटरला 90 लीटर, म्हणजे 10 लीटरच्या नऊ झाऱ्या. त्या आता आठवड्यातून दोनदा, एका वेळी साडेचार, सावकाश. रोज शिंपडणं बंद.

14 नोव्हेंबर (दिवस 19)

उगवण: इ मध्ये 5 पैकी 4, अ मध्ये 10 पैकी 8, आ मध्ये 10 पैकी 3.

आ भागात पेंढा उचलून पाहिला. बहुतेक बेणी जिवंत आहेत, कोंब पांढरे आणि लांब, पेंढ्याखाली आडवे धावताहेत. उजेडाची वाट त्यांना सापडत नव्हती. जाड काड्या बाजूला करून प्रत्येकावर मूठभर जागा विरळ केली. दोन बेणी मात्र कुजलेली, हात लावताच पाणी सुटलं. दोन्ही कापलेले तुकडे. कापलेली बाजू मी खाली, भिजलेल्या कडक जमिनीला टेकवून ठेवली होती. खालून पाणी निचरत नव्हतं आणि वरून ओला पेंढा, मग दोन दिवसांची ती नवी साल किती टिकणार! आ पद्धतीत सबंध बेणंच वापरायला हवं होतं. कुजलेले तुकडे वाफ्याबाहेर टाकले.

17 नोव्हेंबर

दोन झाडांची पानं रात्रीतून चाळणी झाली. चिकट चमकती रेघ, म्हणजे गोगलगायी.

22 नोव्हेंबर (दिवस 27)

चार रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचल्या. पहिल्या रात्री 31, मग 22, 14, 9. आच्छादनाचा हा मोठा तोटा: बटाट्याला आवडणारा ओला अंधार त्यांनाही आवडतो. दिवसा पकडण्यासाठी वाफ्याच्या कडेला ओल्या फळ्या पालथ्या ठेवल्या आहेत. सकाळी उलटल्या की खाली सगळी मंडळी जमलेली. झाडाच्या बुडाभोवती वीतभर पेंढा सध्या पातळ केला आणि पाणी संध्याकाळऐवजी सकाळी देऊ लागले. रात्री पृष्ठभाग कोरडा असला की त्यांना चालणं जड जातं. चारांत जास्त फरक कशाने पडला ते वेगळं काढता येणार नाही. मी सगळं एकदमच केलं.

आता अ 10, आ 8, इ 5. यापुढे हेच आकडे.

30 नोव्हेंबर (दिवस 35)

आज जे पाहिलं त्यासाठी हा सगळा खटाटोप होता. आ भागातल्या एका झाडाशी पेंढा अलगद वर केला. खोडाच्या बुडापासून दोऱ्याएवढे पांढरे फुटवे जमिनीवर पसरलेले आणि तिघांची टोकं आकड्यासारखी वाकून वाटाण्याएवढी फुगलेली. मातीत वाढणाऱ्या झाडात हे कधी बघायला मिळत नाही, खणलं की तुटतं. आईला बोलावलं. ती स्टुलावर बसून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "झाक आता, त्यांना उजेड लागतोय."

एक फुटवा मात्र पेंढ्याच्या फटीतून बाहेर आला होता. त्याच्या टोकाला बटाटा नव्हता, दोन छोटी हिरवी पानं होती. आडवा फुटवा उजेडात आला की पानांची फांदी होतो. आच्छादनातलं प्रत्येक भोक म्हणजे एक बटाटा कमी, हे इतकं स्पष्ट आधी कळलं नव्हतं.

पेंढा मोजला. आ भागात 25 सेंटिमीटरचा 11 झाला आहे, अ भागात 12 चा 6. निम्म्यावर, आ मध्ये तर त्याहूनही खाली! बसणार हे माहीत होतं, पाच आठवड्यांत इतका बसेल असं वाटलं नव्हतं. दोन्हीकडे 12 सेंटिमीटर नवा घातला. इ ओळीला मातीची भर दिली.

9 डिसेंबर (दिवस 44)

दुपारी तीनला तापमान, 10 सेंटिमीटर खोलीवर. वाफ्याशेजारची उघडी जमीन 27 अंश, इ चा वरंबा 25, अ 20, आ 19. तापमापी तीच, दहा मिनिटांत सगळं मोजलं. पहाटे सहाला उलट: उघडी जमीन 15, अ 18. दिवसाचं ऊन आणि रात्रीची थंडी, दोन्ही पेंढ्याच्या बाहेर राहतात. बटाटा धरण्याच्या या दिवसांत माझ्या मते पेंढ्याचा खरा उपयोग हाच आहे. तण दबणं, पाणी वाचणं त्याच्या मागून येतं.

पाणी मोजून बघितलं तर इ ओळीला आठवड्यातून तीनदा द्यावं लागतंय, वाफ्याला दोनदा पुरतं.

18 डिसेंबर (दिवस 53)

फुलं. पांढरी, मधे पिवळी. अ भागात पाल्याने जमीन पूर्ण झाकली.

अ मध्ये तण एकूण सहा. आ मध्ये लव्हाळा पेंढा भेदून वर आलाय, 40 च्या वर पाती. खेचून काढली. बाकीचं तण मात्र तिथेही नाही. पेंढ्याने बी दबतं, गाठ दबत नाही.

27 डिसेंबर (दिवस 62)

वाईट दिवस. आ भागात कडेच्या चार झाडांशी हिरवे बटाटे दिसले. गेल्या आठवड्यात दोन दिवस जोराचा वारा होता, कडेचा पेंढा सरकला आणि मी वरवर बघून पुढे गेले. पानांमुळे वरून सगळं झाकलेलंच दिसत होतं.

उजेड लागला की बटाट्यात हरितद्रव्य तयार होतं. ते निरुपद्रवी आहे, पण त्याच्या बरोबरीने सोलॅनिन आणि चाकोनिन ही विषारी द्रव्यंही वाढतात. 100 ग्रॅम बटाट्यात ती 20 मिलिग्रॅमच्या आत असावीत असं मानलं जातं. शिजवून ती जात नाहीत. हिरवा पडलेला बटाटा पुन्हा झाकला म्हणून विष परत फिरत नाही. तेव्हा हे गेलेच. आई पहिल्या दिवशी हेच म्हणाली होती.

त्यातल्या एकावर बारीक भोक आणि तोंडाशी काळसर विष्ठा. बटाटा पोखरणारी अळी, पतंगाची. हा पतंग उघड्या पडलेल्या बटाट्याच्या डोळ्यांपाशी अंडी घालतो. मातीखाली खोल गेलेल्या बटाट्यापर्यंत त्याला पोचता येत नाही, पेंढ्याच्या भेगांतून पोचतो. म्हणजे उघडं पडलं की दोन्हीकडून नुकसान.

दुरुस्ती: आ च्या सर्व झाडांभोवती आधी ओलसर कंपोस्टचा 4 सेंटिमीटर थर, मग पेंढा, आणि कडेने बांबूच्या कामट्या आडव्या टाकून दाबला. यापुढे दर रविवारी पाला उचलून, हात घालून तपासायचं. डोळ्यांवर भरवसा नाही.

6 जानेवारी (दिवस 72)

तीन दिवस ढगाळ, सकाळी दव. खालच्या पानांवर तपकिरी डाग दिसले तेव्हा पोटात गोळा आला. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक ज्या करप्याने संपवलं आणि दुष्काळ ओढवला, तो उशिराचा करपा अशाच गार, दमट हवेत काही दिवसांत अख्खं पीक कुजवतो. भिंग घेऊन बसले. डागांत एकात एक वर्तुळं, कोरडी, फक्त जुन्या पानांवर. पानांच्या खालच्या बाजूला पांढरी लव नाही, पाणी उतरल्यासारखे काळे चट्टे नाहीत. म्हणजे हा लवकर येणारा करपा, त्याचा वेग कमी. डागाळलेली 23 पानं काढून लांब टाकली. पाणी यापुढे पानांवर अजिबात नाही, झारीचं तोंड काढून बुडाशी.

पेंढ्यामुळे पावसाचा किंवा झारीचा थेंब मातीवर आपटून पानांवर उडत नाही, तेवढं संरक्षण वाफ्याला आहे. इ ओळीत डाग जास्त दिसले. पाच झाडांवरून याहून जास्त काही म्हणणार नाही.

19 जानेवारी (दिवस 85)

पाला पिवळा पडतोय. पाणी निम्मं केलं.

25 जानेवारी (दिवस 91)

पाणी पूर्ण बंद. पाला जमिनीपासून चार बोटं ठेवून कापला आणि वाफ्याबाहेर नेला. आता बारा दिवस थांबायचं. या दिवसांत बटाट्याची साल घट्ट होते. अंगठ्याने घासून सुटली नाही की तयार. पाल्यावरच्या रोगाचा बटाट्याशी संबंधही मधल्या काळात तुटतो.

आईला घाई झाली आहे. एका झाडाशी हात घालून तिने दोन काढलेच. साल अंगठ्याला सुटली. "पातळ आहे गं अजून," म्हणाली आणि पेंढा परत सारखा केला.

6 फेब्रुवारी (दिवस 103): काढणी

आई स्टूल घेऊन अ भागाच्या कडेला बसली. पेंढा बाजूला केला, कंपोस्टमध्ये बोटं घातली आणि पहिलं झाड तीन मिनिटांत मोकळं. पाच मोठे, तीन लहान. माती चिकटलेली जवळजवळ नाही. दहा झाडं तिने एकटीने 25 मिनिटांत काढली, उठलीही नाही, स्टूल फक्त दोनदा सरकवलं. मी फक्त टोपली पुढे करत होते.

आ भागात कंपोस्ट कमी, बटाटे जमिनीवर पडलेले. वेचायला सोपे, पण लहान. काही अर्धे जमिनीत रुतून चपटे झाले होते. कडक जमिनीवर वाढताना त्यांना एकाच बाजूला जागा मिळाली.

इ ओळ मी फावड्याने काढली. तीन बटाटे कापले गेले, कितीही जपलं तरी.

पुठ्ठा बघण्यासाठी अ भागात तळापर्यंत हात घातला. तो गेला, मऊ तपकिरी भुगा उरला आणि त्यात गांडुळं. एकाच ठिकाणी सबंध सापडला: जिथे दोन तुकडे एकावर एक होते आणि मी चुकून तिसराही टाकला होता. तो आतून कोरडा. त्यावरच्या दोन झाडांची मुळं खाली न जाता पुठ्ठ्यावरच जाळ्यासारखी पसरली होती आणि त्या दोघांचे बटाटे सगळ्यात लहान. पुढच्या वेळी पुठ्ठा आधी टबात बुडवून घ्यायचा आणि दोनपेक्षा जास्त थर कुठेच नाहीत.

8 फेब्रुवारी

वजनं. न धुता, हाताने माती झटकून.

अ, 10 झाडं: 4 किलो 420 ग्रॅम. त्यात हिरवे 90 ग्रॅम.
आ, 8 झाडं: 2 किलो 610 ग्रॅम. त्यात हिरवे 540 ग्रॅम, पोखरलेले 180 ग्रॅम.
इ, 5 झाडं: 2 किलो 270 ग्रॅम. हिरवे 40 ग्रॅम, फावड्याने कापलेले 240 ग्रॅम, ते लगेच संपवायचे.

एकूण 9 किलो 300 ग्रॅम, बेण्याच्या नऊपट. खाण्याजोगा भाग झाडामागे: अ 433 ग्रॅम, आ 236, इ 446. न खणलेल्या कंपोस्टच्या वाफ्याने खणलेल्या ओळीची बरोबरी केली. नुसत्या पेंढ्याने नाही केली, आणि त्यातला मोठा भाग माझ्या दुर्लक्षाचा आहे. तरीही हिरवे आणि पोखरलेले धरले तरी आ चं झाडामागे 326 ग्रॅमच होतं. खुरटण्याचं कारण मला कडक जमीन आणि कमी खत वाटतं. पेंढा अंधार आणि गारवा देऊ शकतो, पहिल्या वर्षी अन्न देऊ शकत नाही. कुजून मातीत उतरायला त्याला वेळ लागतो.

हिरवे आणि पोखरलेले बटाटे घरात आणले नाहीत.

बाकीचे अंधाऱ्या हवेशीर खोलीत एकेरी थरात पसरलेत. दहा-बारा दिवसांत ओरखडे भरून येतात, मग गोणपाटाच्या पिशवीत. फ्रिजमध्ये नाही. फार थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, चव बदलते आणि तळताना तो काळा पडतो.

20 फेब्रुवारी

साठवलेले निवडले. दोन मऊ निघाले, दोन्ही आ चे. बाकी टणक.

सळई पुन्हा दाबली. अ मध्ये 29 सेंटिमीटर, आ मध्ये 22, वाफ्याबाहेर 16. दोन्ही वेळची ओल सारखी नव्हती, म्हणून या आकड्यांवर सध्या भार देत नाही. पुढच्या सप्टेंबरात, वाफा आणि बाहेरची जमीन सारखी भिजवून, परत मोजायचं.

उरलेला पेंढा अ भागातून आ भागावर ओढला, खाली चार घमेली कंपोस्ट घालून. अ भागात काठीने भोकं पाडून कांद्याची रोपं लावली, 12 सेंटिमीटरवर एक. बटाटा या वाफ्यात आता तीन वर्षं नाही. शेजारचा पट्टा आखून त्यावर आजच भिजवलेला पुठ्ठा अंथरला, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत खालचं गवत मरेल आणि कंपोस्ट थोडं थोडं करून वाहता येईल, एका दिवसात 16 घमेली नाहीत. आईने स्टूल त्या पट्ट्याच्या कडेला ठेवून बसून पाहिलं आणि रुंदी 10 सेंटिमीटर कमी करायला सांगितली. तिचा हात 1.2 मीटरच्या मध्यापर्यंत ताणून पोचत होता, ते काढणीच्या वेळी माझ्या लक्षात आलं नव्हतं. नवी रुंदी 1.1 मीटर.